सतरा नंबरचा मुक्काम : क्रुगर उद्यानातील स्वचलित सफारीचा प्रशासकीय इतिहास

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः मोटार हाकीत वन्यप्राणी पाहण्याचा बेत आखणाऱ्या भारतीय पर्यटकांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. या बेतासाठी जो तक्ता करावा लागतो, त्यात चार रकाने असतात : कोणत्या फाटकातून प्रवेश करायचा, कोणत्या मुक्कामतळावर रात्र काढायची, दोन तळांमध्ये अंतर किती आणि फाटक किती वाजता बंद होते. वरवर पाहता ही प्रवासाची टिपणे आहेत. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला मात्र प्रत्येक रकान्यामागे एक जुनी फाइल दिसू लागते. त्या फायलींचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक मूलभूत प्रश्न. आपल्याकडील व्याघ्र प्रकल्पांत सामान्यतः नोंदणीकृत वाहन, प्रशिक्षित मार्गदर्शक, ठरलेला मार्ग आणि ठरलेली वेळ यांखेरीज गाभा क्षेत्रात प्रवेश मिळत नाही. क्रुगरमध्ये मात्र, जेथे सिंह, हत्ती, गेंडे आणि रानम्हशी मोकळ्या हिंडतात, तेथे कोणीही परवानाधारक चालक आपल्या साध्या मोटारीतून दिवसभर एकटा फिरू शकतो. सुमारे ३५० किलोमीटर लांब आणि मिझोराम राज्याहून किंचित लहान अशा या प्रदेशात शासनाने नागरिकावर एवढा विश्वास का टाकला? याचे उत्तर निसर्गशास्त्रापेक्षा राजकीय अर्थकारणात अधिक सापडते.

२६ मार्च १८९८ रोजी ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांनी साबी आणि क्रोकोडाइल या दोन नद्यांमधील प्रदेश शिकारबंदीसाठी राखीव म्हणून घोषित केला. पुढच्याच वर्षी बोअर युद्ध पेटले आणि घोषणा कागदावर राहिली. युद्धानंतर ब्रिटिश प्रशासनाने १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याची तेथे वॉर्डन म्हणून नेमणूक केली. मधला थोडा काळ वगळता हा गृहस्थ १९४६ पर्यंत त्या पदावर होता. हाताशी मोजकी माणसे, तुटपुंजा निधी आणि संदिग्ध अधिकार, अशा स्थितीत त्याने कामास आरंभ केला. शिकारी तर त्याने हटविलेच, पण त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांनाही बाहेर काढले. स्थानिक त्सोंगा भाषिकांनी त्याला 'स्कुकुझा' असे नाव ठेवले. त्याचा अर्थ 'झाडून साफ करणारा' किंवा 'उलथापालथ करणारा' असा सांगितला जातो. १९३६ मध्ये उद्यानाच्या मुख्य तळास हेच नाव देण्यात आले. आज स्कुकुझा येथे आरक्षण करणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना हे ठाऊक नसते की, हे नाव ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ते निव्वळ गौरवाचे नव्हते.

आता जमिनीच्या अभिलेखांकडे वळू. स्कुकुझाच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर एक मोठा मुक्कामतळ आहे. त्याचे नाव सातारा. मराठी वाचक क्षणभर थबकेल, पण अजिंक्यताऱ्याशी या नावाचा संबंध नाही. प्रचलित माहिती अशी की, १८९० च्या दशकात या भागाची मोजणी होऊन तुकडे पाडले गेले, तेव्हा मोजणीदाराच्या हाताखाली एक भारतीय सहायक होता. सतराव्या क्रमांकाच्या तुकड्यावर त्याने आपल्या भाषेतील 'सतरा' हा शब्द नोंदविला आणि नकाशाकारांनी तो विशेषनाम म्हणून उचलला. त्या सहायकाचे नाव मात्र मागे उरलेले नाही.

ही कथा गमतीची वाटते, पण तिच्यात महत्त्वाचा पुरावा दडलेला आहे. जेथे आज सिंहांचे कळप दिसतात, तेथे उद्यान होण्यापूर्वीच क्रमांक दिलेली शेते कागदावर आखली गेली होती. त्यांपैकी कित्येकांची मालकी खासगी जमीन कंपन्यांकडे होती. म्हणजे स्टीव्हन्सन-हॅमिल्टनच्या ताब्यात होते ते निर्जन, निर्विवाद अरण्य नव्हते. आधीच्या रहिवाशांचा हक्क नाकारलेला आणि नव्या मालकांचा हक्क नोंदविलेला असा तो प्रदेश होता. कंपन्यांना तेथे गुरे पाळायची होती, मेंढपाळांना हिवाळी कुरणे हवी होती, खनिजांच्या शोधात असणारे वेगळेच. राखीव क्षेत्र टिकवावे की मोडावे, याचा विचार करण्यासाठी १९१६ मध्ये एक आयोग नेमला गेला आणि १९१८ च्या त्याच्या अहवालाने राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेस अनुकूलता दर्शविली. तरीही प्रश्न उरलाच : ज्या सार्वजनिक मालमत्तेचा लाभ कोणत्याही मतदाराला प्रत्यक्ष दिसत नाही, तिच्या बाजूने विधिमंडळात उभे कोण राहणार?

याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकी रेल्वेने नऊ दिवसांची एक पर्यटन फेरी सुरू केली आणि सेलाटी मार्गावरून जाणारी ही गाडी राखीव क्षेत्रातून नेली. रेल्वेची कल्पना अशी की, हा प्रवाशांच्या दृष्टीने फेरीतील एक किरकोळ टप्पा ठरेल. प्रत्यक्षात प्रवाशांना सर्वाधिक ओढ वाटली ती रानातील थांब्याची, रात्रीच्या शेकोटीची आणि सिंह दिसण्याच्या शक्यतेची. येथे एक सूक्ष्म परंतु निर्णायक बदल घडला. तोपर्यंत सिंह हा हरणांचा शत्रू समजून रक्षकांकडूनच मारला जात असे. प्रवासी तिकीट काढतात ते सिंहासाठी, हे कळताच त्याची गणना उपद्रवी प्राण्यांतून संपत्तीत होऊ लागली. मागणी बदलली की वस्तूचे मूल्य बदलते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ. येथे ती 'वस्तू' एक हिंस्र श्वापद होती, एवढेच.

३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यान अधिनियम संमत झाला. तो मांडणारे मंत्री पीट ग्रोबलर हे क्रुगर यांच्याच घराण्यातील. उद्यानास क्रुगर यांचे नाव देण्यात राजकीय चातुर्यही होते, कारण त्यामुळे आफ्रिकानेर राष्ट्रवादाला हा प्रकल्प आपला वाटला. खासगी जमिनींचा प्रश्न अदलाबदल, संपादन आणि पश्चिमेकडील काही भाग वगळणे अशा मार्गांनी सोडविण्यात आला. पुढील वर्षी, १९२७ मध्ये, मोटारींना प्रवेश खुला झाला. शुल्क एक पौंड. त्या वर्षी आल्या अवघ्या तीन मोटारी. १९२८ मध्ये १८० आणि १९२९ मध्ये सुमारे ८५०.

या तीन आकड्यांत आजच्या स्वचलित सफारीचा उगम आहे. उद्यान मंडळाजवळ वाहनांचा ताफा, चालक वा मार्गदर्शक पुरविण्याइतका पैसा नव्हता. मोटार मात्र गोऱ्या मध्यमवर्गाच्या दारी येऊ लागली होती. तेव्हा वाहन, इंधन आणि श्रम पाहुण्यांचे, तर रस्ता, कुंपण आणि नियम मंडळाचे, अशी विभागणी झाली. आपल्याकडील नियमांचे सूत्र 'प्राण्यांच्या क्षेत्रात माणसाला सोबत द्या' असे आहे, तर तेथील सूत्र 'माणसाला पिंजऱ्यात ठेवा आणि पिंजऱ्याला चाके लावा' असे ठरले. मुक्कामतळाभोवतीचे कुंपण, सूर्यास्तापूर्वी तळावर परतण्याची सक्ती, नेमलेल्या जागांखेरीज गाडीतून न उतरण्याचा नियम, ही सर्व त्याच सूत्राची कलमे होत. स्वातंत्र्य मोठे दिसते, पण ते अत्यंत काटेकोर चौकटीत दिलेले आहे.

मात्र हे स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न टाळता येणार नाही. रस्ते बांधले ते आफ्रिकी मजुरांनी. खाणींत काम शोधण्यासाठी मोझांबिकमधून उद्यान ओलांडताना पकडल्या गेलेल्यांकडूनही हे काम करवून घेतले जाई. ज्यांच्या श्रमाने मार्ग तयार झाले, त्यांना पर्यटक म्हणून त्यावर येण्याची मुभा जवळजवळ नव्हती. वर्णभेदाच्या काळात चांगल्या सोयींचे तळ गोऱ्यांसाठी होते आणि इतरांच्या वाट्याला बालुलेसारखा लहान, साधा तळ येई. आज बालुले कोणालाही आरक्षित करता येतो. तेथे अद्याप वीज नाही, आणि तो साधेपणाच हौशी प्रवाशांना आकर्षक वाटतो. एका काळाची अवहेलना दुसऱ्या काळाची चैन बनते, ती अशी.

सर्वांत कठोर अध्याय उत्तरेकडील पाफुरीचा आहे. लिम्पोपो आणि लुवुव्हू या नद्यांमधील सुमारे २४,००० हेक्टर भूमीवर माकुलेके समाज राहत असे. १९६९ मध्ये शासनाने बळाने त्यांना तेथून हलविले. लोकांना स्वतःची घरे स्वतःच्या हाताने पेटविणे भाग पाडले गेले आणि ती भूमी उद्यानास जोडण्यात आली. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर १९९४ च्या भूमी हक्क पुनःस्थापना अधिनियमाखाली समाजाने दावा दाखल केला आणि १९९८ मध्ये समझोता झाला. मालकी माकुलेके समाजास परत मिळाली. समाजाने तेथे पुन्हा वस्ती, शेती वा खाणकाम न करता भूमी संवर्धनाखालीच ठेवण्याचे मान्य केले. व्यवस्थापन संयुक्त, पर्यटनाचे व्यापारी हक्क समाजाचे. हक्क मान्य करूनही अरण्य राखता येते, याचा हा दाखला होय. अर्थात परतलेला मालक परत घरी राहावयास गेला नाही, हे शल्यही त्याच दाखल्यात आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता ही 'क्लब वस्तू' आहे. एका मर्यादेपर्यंत एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचे काही कमी होत नाही, पण फाटक लावून लोकांना वगळता येते. १९६५ मध्ये जेम्स बुकॅनन यांनी मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की, अशा वस्तूबाबत सभासद किती असावेत हा कळीचा प्रश्न असतो. क्रुगरने दोन्ही टोके अनुभवली आहेत. आरंभी सभासद मिळत नव्हते. आज दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक येतात आणि गर्दीच्या दिवशी फाटकांवर मोटारींच्या संख्येची मर्यादा पाळावी लागते. स्वदेशी नागरिकांना कमी आणि परदेशी पाहुण्यांना जास्त दर आकारला जातो. क्रुगरसारख्या मोजक्या उद्यानांच्या उत्पन्नावर देशातील इतर कित्येक उद्यानांचा भार पेलला जातो. परंतु सभासद किती, यापूर्वी सभासद कोण, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर किंमत देत नाही, कायदा देतो.

आपल्या देशातही हा वाद नवा नाही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ती उठविली. त्या चर्चेत पर्यटक आणि वाघ हे दोन पक्ष सर्वांना दिसले. गाभा क्षेत्रातून उठविलेल्या वा उठविल्या जाणाऱ्या गावांचा तिसरा पक्ष क्वचितच दिसला. २००६ च्या वन हक्क कायद्याने त्या पक्षास कायद्यात स्थान दिले आहे. ते स्थान प्रत्यक्ष निर्णयांत उतरविण्याची जबाबदारी तुमच्या-आमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या सहीवर अवलंबून असते. तीस वर्षांनी भूमी परत करण्यापेक्षा, आरंभीच संमती विचारणे कमी खर्चाचे असते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना. जून ते ऑगस्ट हा कोरडा हिवाळा सर्वोत्तम. गवत विरळ होते, प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि हिवतापाचा धोकाही कमी असतो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे, पण बेत आखताना ताशी २५ हाच वेग धरावा, कारण हत्तीला वेळापत्रक नसते. म्हणजे स्कुकुझा ते सातारा हा प्रवास चार तासांचा समजावा. फाटकांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. उशिरा पोहोचणाऱ्यास दंड भरावा लागतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. पहिल्या प्रवासात सर्व उद्यान पाहण्याचा हव्यास न धरता दक्षिणेकडील दोन वा तीन तळ निवडावेत. सवड असल्यास उत्तरेस पाफुरीपर्यंत जावे आणि माकुलेके समाजाच्या भूमीवरही एक रात्र राहावे.

आणि साताऱ्याच्या तळावर उतराल तेव्हा नामफलकाकडे एकदा नीट पाहा. त्या एका शब्दात मोजणीदाराची साखळी, जमीन कंपनीचा सातबारा आणि एका अनाम भारतीय सहायकाची भाषा, तिन्ही एकत्र आहेत. त्या भूमीवर त्यापूर्वी जे राहत होते, त्यांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली, हे मात्र तो फलक सांगत नाही.