टाको डिप, थरांचा

टाको डिप, थरांचा : एकावर एक पसरलेल्या चार ते सात थरांचा, थंड वाढायचा आणि कडक पापडीने उचलून खायचा पदार्थ. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मेक्सिकन आणि अमेरिकन स्वयंपाकाची जी सरमिसळ झाली तिला टेक्स-मेक्स म्हणतात. हा डिप त्या सरमिसळीतला आहे आणि १९८० च्या दशकात तो तिथल्या घरगुती मेजवान्यांत रुळला. तळाशी घोटलेला घेवडा, त्यावर अव्होकाडोचे ग्वाकामोले, मग मसाला घातलेली आंबट साय, चिरलेला टोमॅटो, किसलेले चीज, कांद्याची पात आणि काळी ऑलिव्ह फळे, असा त्याचा नेहमीचा क्रम. नावात टाको असला तरी मक्याची घडी घातलेली पोळी यात नसते. टाकोशी त्याचे नाते जिरे, मिरची आणि ओरेगानो या मसाल्यापुरते आहे. ही नोंद ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, टोपी बाजार आणि महाराज बाडा यांच्या आसपास बाजारहाट करणाऱ्या मराठी घराचा उन्हाळा समोर ठेवून लिहिली आहे. तिचा मुद्दा असा की थरांचा डिप त्यातल्या सात जिनसांवरून ओळखू नये. तो पाण्याचा आणि वेळेचा हिशेब आहे, आणि तो हिशेब जमला तर अव्होकाडोवाचून केलेला डिपही पुरा डिपच असतो.

मूळचा क्रम नीट पाहिला की हा हिशेब दिसू लागतो. घेवडा तळाशी असतो, कारण तो सर्वांत जड आणि घट्ट असतो आणि त्याचा स्टार्च वरून झिरपणारे थोडे पाणी धरून ठेवतो. ग्वाकामोले दुसरे येते आणि त्यावर लगेच साय पसरली जाते. यामागचे कारण फार सुंदर आहे. अव्होकाडोचा गर हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतो. लिंबाच्या आंबटाने ते लांबते, पण थांबते ते हवा तोडल्यावरच. सायीचा थर नेमके ते झाकणाचे काम करतो. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते, म्हणून तो वरती, उशिरा आणि निथळून पडतो. खुसखुशीत ते सगळे एक तर अगदी शेवटी भुरभुरतात किंवा भांड्याबाहेर ठेवतात. रंगांची उतरंड काचेच्या भांड्यातून छान दिसते हे खरे, पण ती या व्यवस्थेतून आपोआप आलेली आहे. केवळ रंगासाठी थरांची अदलाबदल केली तर तासाभरात तळाशी लालसर पाणी साचते आणि पदार्थाची कोशिंबीर होते.

उत्तरेकडच्या चाटशी तुलना केली तर हीच गोष्ट उलट बाजूने सिद्ध होते. बाड्याच्या परिसरात संध्याकाळी चाटच्या गाडीवर दहीपापडी मागितली तर चाटवाला पापडी तळाशी मांडतो, तिच्यावर बटाटा किंवा छोले, मग दही, चिंचेची गोड सोंठ, हिरवी चटणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि शेव. जे सर्वांत आधी नरमणार तेच तळाशी! डिपच्या नियमाने ही घोडचूकच ठरावी. पण चाट हातात पडल्यापासून चारपाच मिनिटांत संपते आणि तेवढ्या वेळात पापडी अर्धी नरम, अर्धी कुरकुरीत अशा नेमक्या अवस्थेला येते. चाटवाल्याची सगळी भांडी वेगळी असतात. जुळणी गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावर होते. डिप मात्र पाहुणे येण्याआधी लावून ठेवायचा असतो, म्हणून त्यात पापडी बाहेर जाते आणि ओले जिन्नस त्यांच्या पाण्याच्या चढत्या क्रमाने बसतात. नियम एकच आहे. जुळणी आणि खाणे यांत जेवढे अंतर, तेवढे कोरड्याने ओल्यापासून दूर राहायचे.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या इतिहासामुळे इथल्या मराठी स्वयंपाकघरात दोन परंपरा शेजारी नांदतात: पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का बांधण्याची आणि होळीला दहीभल्ले-पापडी करण्याची. थरांच्या डिपला लागणारी दोन अवघड कौशल्ये म्हणजे दह्यातले पाणी काढणे आणि भार पेलेल अशी पापडी लाटणे. ती दोन्ही या घरात आधीपासून आहेत. त्यामुळे आंबट सायीचा डबा शोधत हिंडण्यात अर्थ नाही. आंबट सायीत साधारण २० टक्के स्निग्धांश असतो, चक्क्यात तो कमी. पण चक्क्यात प्रथिने जास्त असल्याने तो थर म्हणून अधिक ताठ उभा राहतो. एक किलो सायीचे दही मलमलीत बांधले तर सहा ते आठ तासांत सुमारे ४०० ग्रॅम चक्का मिळतो. एवढी काळजी मात्र घ्यावी की मे महिन्यात ही पुरचुंडी खुंटीला टांगू नये. त्या हवेत दही निथळण्याआधीच आंबून जाते. चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन, फ्रीजमध्येच निथळू द्यावे.

अव्होकाडोचा प्रश्न खरा कठीण आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्या जागी पातळ हिरवी चटणी ओतली की काम भागते असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. अव्होकाडो डिपमध्ये हिरवा रंग देतो म्हणून नाही, तर स्निग्धता देतो म्हणून बसलेला आहे. त्याच्या गरात सुमारे १५ टक्के तेल असते आणि त्या तेलामुळेच घेवडा आणि साय यांच्यामध्ये पाणी न सोडणारा, जिभेवर मऊ लागणारा पडदा तयार होतो. नुसत्या कोथिंबिरीच्या चटणीत पाणीच पाणी असते, ती खालच्या थरात मुरते आणि वरच्या चक्क्याला चिरा पाडते. म्हणून बदली जिन्नस स्निग्ध हवा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत कुटलेले दाणे कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची आणि किसून पिळलेली कैरी यांच्याबरोबर पाण्याचा थेंबही न घालता वाटले की जाडसर, चमच्याला चिकटून राहणारा हिरवा थर होतो. कैरीचा आंबटपणा लिंबाचे काम करतो. कोथिंबीरही हवेने काळी पडते, म्हणून इथेही चक्का लगेच वर पसरायचा. मूळ क्रम जसाच्या तसा उपयोगी पडतो.

यावर शुद्धतेचा आक्षेप येतो: अव्होकाडो नाही, चीज नाही, ऑलिव्ह नाही, मग याला टाको डिप का म्हणायचे? आक्षेप घेणाऱ्याने मूळ पदार्थाची वंशावळ पाहावी. घेवडा, टोमॅटो, मिरची, अव्होकाडो ही मेक्सिकोची जुनी संपत्ती. पण साय, चीज आणि जिरे युरोपीय लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून गेले. ज्या जिऱ्याच्या वासाने हा डिप ओळखू येतो ते जिरे मुळात भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे. उलट दिशेने मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. राजमा, टोमॅटो, बटाटा आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलेच. म्हणजे कैरी आणि दाण्यांच्या थरात निम्मा भाग अमेरिकेचाच आहे, आणि टेक्सासच्या डिपमध्ये एक मोठा भाग तिथला नाही. मेक्सिकोच्या स्वयंपाकातून टेक्सासने जसा आपला पदार्थ घडवला तसा लष्करने घडवला तर त्यात उणेपणा कसला? नावाचा आग्रह नसेल त्याने खुशाल थरांचे दही म्हणावे. क्रम बदलू नये, एवढेच.

कृतीतला सर्वांत जोखमीचा भाग राजमा आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते कमी आचेवर नाहीसे होत नाही. अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्याहूनही जास्त त्रासदायक ठरू शकतो. बारा माणसांसाठी २५० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवून, भिजवणीचे पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मग कुकरला लावून बोटाने सहज चिरडेल इतका मऊ करावा. तो निथळून, तीन मोठे चमचे तेलात जिरे, लसूण आणि लाल तिखटावर परतत घोटायचा. स्पॅनिशमध्ये या घोटलेल्या घेवड्याला रेफ्रितोस म्हणतात. त्याचा अर्थ दोनदा तळलेला असा पुष्कळजण करतात, पण खरा अर्थ नीट, पुरेसा परतलेला असाच आहे. पळीने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की राजमा झाला. यानंतर तो पूर्ण गार होऊ द्यावा. बिघडलेल्या डिपचे मूळ बहुतेक वेळा या घाईतच असते: कोमट राजम्याची वाफ हिरव्या थराखाली कोंडते, तिचे पाणी होते आणि वरचे सगळे घसरू लागते.

चक्क्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर तिखट, मिळाल्यास ओरेगानो आणि अगदी शेवटी मीठ. टोमॅटो आणि कांदा बारीक चिरून, टोमॅटोच्या बिया काढून, मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवायचे. मीठ जे पाणी ओढून काढणार ते भांड्यात काढण्यापेक्षा आधीच बाहेर गेलेले बरे. भांडे उथळ आणि पसरट असावे, थरांची एकूण उंची पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, कारण पापडी तळापर्यंत पोहोचली तरच प्रत्येक घासात सगळे थर येतात. काचेचे भांडे उत्तम, स्टीलचेही चालते. पितळी परात घेतली तर कल्हई शाबूत असल्याची खात्री करावी. कैरी आणि दही बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नये हा आजींचा दंडक रसायनशास्त्रही मान्य करते. पापडीच्या पुऱ्या लाटून काट्याने टोचून घ्याव्यात म्हणजे त्या फुगत नाहीत. फुगलेली पुरी राजम्यात घुसवली की मोडते. शेव अगदी वाढताना.

आता वेळेचा हिशेब. ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. दिवस मावळल्यावरही हवा तापलेलीच असते. अमेरिकी कृषी खात्याचा सर्वसाधारण नियम असा की नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. लष्करच्या उन्हाळ्यात हा दुसराच नियम धरून चालावे. एकच मोठे भांडे टेबलाच्या मध्यभागी चार तास मिरवणे ही या पदार्थाची शोभा मानली जाते, आणि ती सोडायला लोक तयार नसतात. पण इथल्या घरांना दुसरी पद्धत नवी नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालते. बायका एकदम न येता संध्याकाळभर येत राहतात, आणि कैरीची डाळ थोडी थोडी बाहेर येते, पन्हे माठातून लागेल तसे. भिजवून वाटलेल्या कच्च्या डाळीला उन्हाळा सोसत नाही हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळेच ती रीत पडली असावी. डिपलाही हीच रीत लावावी: दोन-तीन लहान भांडी, एक बाहेर बर्फाच्या परातीत, बाकीची फ्रीजमध्ये.

मराठी घरात याहून मोठा आक्षेप उष्ट्याचा आहे. एकाच भांड्यात दहा हातांनी पापडी बुडवायची, चावायची, परत बुडवायची, हे अनेकांना रुचत नाही, आणि त्यांना जुनाट ठरवणे अन्यायाचे आहे. तोंड लागलेली पापडी दह्याच्या थरात परत घालणे गरम हवेत आरोग्यालाही अहितकारकच. यावरचा उपाय पदार्थाच्या विरुद्ध जात नाही. काचेच्या वाट्यांत किंवा कुल्हडांत प्रत्येकाचे थर वेगळे लावले तर क्रम तोच राहतो, पाण्याचा निचराही तसाच होतो, उलट थर कमी हलतात. कुल्हडाची कोरी माती थोडे पाणी शोषून घेते, हा वरचा फायदा. हळदीकुंकवाला कांदा-लसूण चालत नसेल तिथे राजम्याला हिंगाची फोडणी द्यावी आणि वरच्या थरात कांद्याऐवजी डाळिंबाचे दाणे घालावेत. काकडी मात्र घालू नये, तिच्यात टोमॅटोहूनही जास्त पाणी असते.

सामान जमवायला लांब जावे लागत नाही. राजमा आणि दाणे दाल बाजारात मिळतात, आणि टोपी बाजारातून बाड्याकडे येताना कैऱ्या, पुदिना आणि शेव पिशवीत पडतात. लावलेला डिप दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. न लावलेला घोटलेला राजमा आणि चक्का वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. चक्क्याखाली जमलेले दह्याचे पाणी फेकू नये, त्यात कढी चांगली होते किंवा थालीपिठाची भाजणी भिजवता येते.