वरणगावात नॉट कुठून आले?

वरणगावापासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. जवळ मोठं पाणी म्हणावं तर तापीवरच्या हतनूर धरणाचं. तरी इथल्या ट्रॅक्टरवर जीपीएस मॉड्यूल बसवलं, की ते वेग सांगतं नॉटमध्ये, म्हणजे जहाजाच्या मापात.

जोडणी सोपी आहे. निओ-६एम मॉड्यूलचा टीएक्स मायक्रोकंट्रोलरच्या आरएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, मग वीजपुरवठा. चौकोनी सिरॅमिक अँटेनाचं तोंड आभाळाकडे ठेवायचं. स्लॅबखाली सिग्नल धड येत नाही, गच्चीवर येतो. संदेशांचा वेग ९६०० बॉड. दर सेकंदाला ओळींचा झुबका येतो. त्यातली 'जीपीआरएमसी'ची ओळ पाहा: वेळ, स्थिती, अक्षांश, रेखांश आणि लगेच वेग, नॉटमध्ये. शेवटाकडे चुंबकीय विचलनाचा रकानासुद्धा आहे. ट्रॅक्टरवाल्याला होकायंत्राची चूक कशाला हवी?

पुष्कळांचं उत्तर ठरलेलं असतं: जीपीएस अमेरिकी लष्कराचं, नौदल-हवाईदल नॉटच वापरतात, म्हणून नॉट. मला हे पटत नाही. उपग्रह लष्कराचे खरे, पण ही ओळ लष्कराची नाही. तिचा साचा एनएमईए ०१८३ या प्रमाणातला, १९८३ सालचा. एनएमईए ही संस्था १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात बोटींची इलेक्ट्रॉनिक उपकरणं विकणाऱ्यांनी काढली. ओळीच्या सुरुवातीची दोन अक्षरं बोलणारं यंत्र कोणतं ते सांगतात. 'जीपी' म्हणजे जीपीएस, 'एचसी' चुंबकीय होकायंत्र, 'एसडी' पाण्याची खोली मोजणारं यंत्र. विमानात खोली मोजायचं यंत्र नसतं! तेव्हा हवाईदलाचा दावाही गळतो. जीपीएस हा बोटीवरच्या यंत्रांच्या पंगतीत उशिरा येऊन बसलेला पाहुणा. त्याने तिथलीच बोली उचलली.

नॉट तर त्याहून जुने. दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारायची, टोकाला लाकडी फळी बांधून ती पाण्यात सोडायची आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं. तितके नॉट.

जमिनीवरच्या गाड्यांसाठी ही बोली कुणी बदलली का नाही? माझा तर्क असा: साध्या अक्षरांतली, स्वल्पविरामांनी तोडलेली ओळ कोणत्याही स्वस्त चिपला वाचता येते. तयार बोली असताना नवी कोण घडवणार? 'व्हीटीजी' या दुसऱ्या ओळीत ताशी किलोमीटरही मिळतात, पण तिथेही नॉट आधी, किलोमीटर मागून. आपल्या 'नाविक' या उपग्रह प्रणालीलाही याच पंगतीत 'जीआय' ही अक्षरं मिळाली आहेत.

अक्षांशाची मांडणीही दर्यावर्दी. '२१०१.२०००' आलं तर ते २१ अंश १.२ मिनिटं, म्हणजे २१.०२ अंश, २१.०१२ नव्हे. त्या फरकात गाव जवळजवळ एक किलोमीटर सरकतं. म्हणून प्रोग्रॅम लिहिताना मिनिटांना ६० ने भागा आणि वेगाला १.८५२ ने गुणा.