सोन्याआधीचा कर

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी १८५१ साली सोनं सापडलं. त्या काळची अख्खी खाणवस्ती १९७० पासून तिथं पुन्हा उभी आहे, 'सॉव्हरिन हिल' नावानं. पर्यटक ओढ्यातली वाळू थाळीत घोळवतात. चार पिवळे कण दिसले की पोरं नाचतात.

खऱ्या खाणकऱ्याला मात्र कुदळ मारण्याआधी परवाना काढावा लागे. महिन्याला ३० शिलिंग, सोनं मिळो वा न मिळो! परवाना जवळ नसला की पोलीस पकडत. चिडलेल्या खाणकऱ्यांनी नोव्हेंबर १८५४मध्ये परवाने जाळले आणि युरेका इथं लाकडी कोट रचला. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्यानं तो मोडला; वीसहून अधिक खाणकरी मेले. पुढं राजद्रोहाच्या खटल्यातले तेराही जण निर्दोष सुटले. १८५५ साली वर्षाला एका पौंडात खोदण्याचा हक्क मिळाला, मताचाही.

आणि त्याच वर्षी व्हिक्टोरिया वसाहतीनं बोटीनं येणाऱ्या चिनी माणसामागे १० पौंड कर बसवला! तो चुकवायला हजारो चिनी शेजारच्या वसाहतीत, रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींवर पोचले. त्यांचीही तंबूवस्ती या उद्यानात आहे. थाळी हाती घेण्याआधी तिथं जावं.