भिंतीवर कोरलेली महामारी : अ‍ॅशवेलचे सेंट मेरी चर्च

१/ इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात अ‍ॅशवेल नावाचे एक गाव आहे. तेथील सेंट मेरी हे पॅरिश चर्च, म्हणजे पंचक्रोशीचे बाप्तिस्मे, विवाह आणि अंत्यविधी जेथे होत ते गावचर्च, प्रामुख्याने १४व्या शतकातले. त्याचा मनोरा सुमारे १७६ फूट उंच आहे. गावाच्या मानाने थक्क करणारा.

२/ बांधकामासाठी क्लंच हा खडूच्या जातीचा स्थानिक दगड वापरला आहे. तो घडवायला सोपा, पण ऊनपावसात लवकर झिजणारा. हा मऊपणा वास्तूचा दोष खरा. इतिहासाला मात्र तोच उपकारक ठरला. टोकदार हत्यार हाती असलेल्या कोणालाही आतल्या भिंतीवर लिहिता येई. येथे एका भव्य चर्चचे रेखाचित्र कोरलेले असून ते लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलचे मानले जाते. ती मूळ वास्तू १६६६ च्या आगीत नष्ट झाली.

३/ मनोऱ्याच्या आतील उत्तर भिंतीवर लॅटिन ओळी आहेत. पहिली महामारी कधी आली, हे लिहिणाऱ्याने कोड्यासारखे मांडले आहे : हजार, तीन शतके, पन्नास उणे एक. अर्थात १३४९, ‘ब्लॅक डेथ’चे वर्ष.

४/ दुसरा लेख १३५० ला दयनीय, क्रूर आणि हिंसक म्हणतो. साक्षीला उरली ती केवळ निकृष्ट प्रजा, असेही सांगतो. शेवटी उल्लेख येतो १३६१ साली संत मॉरसच्या दिवशी घोंघावलेल्या झंझावाताचा.

५/ ते वादळ आजच्या गणनेने १५ जानेवारी १३६२ चे. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून भिंतीवर १३६१. याच वादळात नॉरिच कॅथेड्रलचे शिखर कोसळले. १३६१ मध्येच महामारीही परतली होती आणि तिने मुलांचा मोठा घास घेतला.

६/ या ओळींत ना राजा आहे, ना लढाई. लिहिणाऱ्याने स्वतःचे नावही ठेवलेले नाही. ‘निकृष्ट’ हा शब्द त्याने इतरांसाठी वापरला असेल. पण तोही वाचलेल्यांपैकीच एक होता. चांगले गेले आणि आपण उरलो, हे शल्य त्या एका विशेषणात जाणवते. मृतांचे आकडे इतिहासकार मांडतात. मागे उरलेल्यांचे मन मात्र अशा भिंतींवर वाचावे लागते.