वऱ्हाडातील विवाह-समुपदेशकांचे शिक्षण

वऱ्हाडात विवाह-समुपदेशक घडले ते समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गांत, आणि त्यांची गरज निर्माण केली ती मुख्यतः न्यायालयांनी. अमरावती आणि अकोला येथे आज कुटुंब न्यायालये आहेत. घटस्फोट, पोटगी किंवा मुलांचा ताबा मागायला आलेल्या जोडप्याशी तिथे समुपदेशक बोलतो. हे काम शिकून करायचे असते, ही समजूत या भागात गेल्या चार-पाच दशकांतच रुजली.

त्याआधी नवरा-बायकोचे भांडण सोयऱ्यांच्या आणि जातीच्या बैठकीत मिटवले जाई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी घरातले तंटे बहुतेक गावातच राहिले. कुणब्यांसह अनेक जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे पुनर्विवाह, रूढीने मान्य होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथात त्याच्या नोंदी आहेत. बैठकीतली माणसे दोन्ही घरे ओळखत, हा तिचा मोठा गुण. पण सुनेचे म्हणणे तिथे तिच्या तोंडून क्वचितच ऐकले जाई आणि बोललेले काहीच गुप्त राहत नसे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीचा घटस्फोट कायम ठेवला. शक्य असेल तिथे समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्यही याच कायद्याने न्यायाधीशावर टाकले. त्यासाठीचे प्रशिक्षण मात्र न्यायाधीशाला कोणी दिलेले नव्हते.

लग्न हा सार्वजनिक चर्चेचा विषय करण्याचे श्रेय या भागात मोठ्या प्रमाणात गाडगेबाबांना जाते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या बाबांनी कर्ज काढून केलेल्या लग्नांवर कीर्तनांतून कोरडे ओढले. पुढे जे प्रश्न समुपदेशकापुढे आले, त्यांतल्या कित्येकांचे मूळ याच कर्जात होते.

समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. विदर्भात १९५८ मध्ये नागपूरच्या मातृ सेवा संघाने समाजकार्याची संस्था काढली. प्रसूतिगृहापासून कामाला लागलेल्या संघाला कुटुंबातली बाई जवळून माहीत होती, त्यामुळे हा पुढचा टप्पा अगदी स्वाभाविक म्हणावा लागेल. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातल्या पदव्युत्तर शिक्षणाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

अमेरिकेत हा व्यवसाय वेगळ्या वाटेने वाढला. विवाह-समुपदेशकांची संघटना तिथे १९४२ मध्ये झाली आणि कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये परवान्याची पद्धत आणली. भारतात उपचारांमध्ये कुटुंबाला सामील करून घेण्याचा गाजलेला प्रयोग अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात केला; रुग्णांचे नातेवाईक आवारात तंबू ठोकून राहत. ही परंपरा पुढे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत वाढली. वऱ्हाडात तिचा स्पर्श फार थोडा झाला.

कुटुंब न्यायालयाची कल्पना दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर मांडली. कायदा व्हायला १९८४ उजाडले. पुण्यात आणि मुंबईत १९८९ मध्ये ही न्यायालये सुरू झाली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत ती स्थापन करणे कायद्याने बंधनकारक होते. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे २०११ च्या जनगणनेतही त्या आकड्याच्या खालीच होती, म्हणून त्यांचा क्रम मागून लागला. या कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि समुपदेशकाला स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्रात या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव ही पात्रता धरली गेली. एम. एस. डब्ल्यू. झालेल्या मुलामुलींसाठी हे नवे दार होते.

त्या पदवीची दोन वर्षे वर्गात आणि क्षेत्रकार्यात विभागलेली असतात. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत जातो, घरभेटी घेतो, झालेले बोलणे तपशिलाने लिहून काढतो आणि ते लेखन पर्यवेक्षकापुढे ठेवतो. कुठे आपण मध्येच सल्ला दिला, कुठे सासूची बाजू नकळत उचलली, कुठे गप्प राहायला हवे होते, हे तिथे दाखवले जाते. या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. पुस्तकातून तो मिळत नाही. पती-पत्नीला आधी वेगवेगळे ऐकावे, मग एकत्र बसवावे आणि एकाचे बोललेले दुसऱ्याला सांगू नये, ही शिस्त विद्यार्थ्याच्या अंगात मुरते ती इथेच.

नवऱ्याकडून व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये आलेले भारतीय दंड संहितेचे ४९८-अ कलम, १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत टाटा संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांनी या शिकवणीला मोठे वळण दिले. संसार वाचवणे हेच यश, ही बैठकीकडून आलेली धारणा मागे घ्यावी लागली. मारहाण होत असेल तर आधी बाईची सुरक्षितता, समेटाचा विचार नंतर, असा क्रम ठरला.

वऱ्हाडात समुपदेशकाच्या कामाला कापसाच्या शेतीचा आणि कर्जाचा संदर्भ आहे. शेतकरी आत्महत्यांनंतर घरात उरलेली विधवा, सासू-सासरे आणि मुले यांच्यातली ओढाताण समुपदेशकापर्यंत येते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबवला गेला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गावातल्याच माणसांना नीट शिकवले आणि पाठीशी तज्ज्ञ उभे राहिले तर लोक बोलायला येतात, असे त्यातून दिसते.

उणीव आहे ती पदवीनंतरची. कॅलिफोर्नियात पदव्युत्तर पदवीखेरीज देखरेखीखालचा ३,००० तासांचा अनुभव असल्याशिवाय विवाह व कुटुंब उपचारकाचा परवाना मिळत नाही. भारतात या व्यवसायासाठी वेगळा परवानाच नाही, त्यामुळे अल्प मुदतीचा वर्ग केलेली व्यक्तीही समुपदेशकाची पाटी लावू शकते. अमरावती-अकोल्यातल्या कुटुंबांनी मदत घेताना समोरच्याची पदवी कोणती आणि त्याने कोणाच्या देखरेखीखाली किती काळ काम केले, हे अवश्य विचारावे.