‘आईला विसर’ म्हणू नका

आईबापापासून तुटलेलं लेकरू दारी आलं की आपण आधी ताट वाढतो. मग म्हणतो, “रडू नको, विसर आता.” आम्हीही असंच म्हणायचो. आज जरा इतिहासात डोकावू.

सप्टेंबर १९३९. ब्रिटनमध्ये बॉम्बच्या भीतीनं काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसं शहरांतून हलवली. त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. खेड्यातल्या बायकांनी अनोळखी पोरं घरात घेतली. कितीतरी मुलं रात्री अंथरूण ओलं करू लागली. लोक म्हणाले, वळण नाही. खरं तर ती भ्यालेली होती.

पुढे १९६०च्या दशकात लंडनच्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्यानं चार चिमुकली मुलं, एकेका वेळी, घरी सांभाळली. आया बाळंतपणाला गेलेल्या. त्यांनी आईचा फोटो जवळ ठेवला, घरची खेळणी आणली, जेवणा-झोपेच्या सवयी मोडल्या नाहीत, आईचं नावही काढत राहिले. मुलं कावरीबावरी झाली, पण सावरली. याउलट, संस्थेत नऊ दिवस राहिलेला जॉन पार खचला. तिथं सांभाळणारे हात सारखे बदलत होते.

म्हणून आम्ही ठरवलंय: अंथरूण ओलं झालं तर गुपचूप बदलायचं, ओरडायचं नाही. आईबद्दल बोलू द्यायचं. कुणी छळलं असं मुलानं सांगितलं, तर खोदून न विचारता ऐकायचं, विश्वास ठेवायचा आणि १०९८ वर फोन करायचा.

लेकरू आईला विसरत नाही. आपण तिची आठवण जपू, तेव्हाच ते आपल्यावर विसंबेल.