वहीतली चवन्नी

माझे अब्बा साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली काढलेली ही शाळा ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चाले. मुलं शेतात खपायची आणि शिकायची. त्याआधी, १९२४ साली साताऱ्यात निघालेल्या भाऊरावांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसत. धान्य सरलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सांगताना अब्बांचा आवाज जड व्हायचा.

१९८४ साली मी नववीत होतो. रोज चवन्नी मिळे आणि तिचा हिशेब वहीत लिहावा लागे. एकदा पंधरा दिवसांच्या चवन्न्या जमवून सिनेमा पाहिला अन् वहीत लिहिलं, ‘कंपासपेटी’. अब्बांनी वही वाचली, काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दप्तरात खरीखुरी कंपासपेटी होती. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या!

चवन्नी ३० जून २०११ रोजी चलनातून गेली. माझी धाकटी आता दहावीत आहे. वडापावचे पैसेही ती मोबाईलवरून, माझ्या खात्यातून देते. कुठे किती दिले, त्याचा निरोप लगेच माझ्या फोनवर. बिचारीला खोटं लिहायला वहीच नाही.